साळक म्हणजे कमळ नव्हे

गेल्या चवथीच्या बाजारात साळकांच्या जुड्या आल्या होत्या. एका गृहस्थांनी विचारले, "कमळं कशी दिली?" विकणारी म्हणाली, "हीं कमळां न्हय बाबा, साळकां!" तिने वनस्पतिशास्त्राचे पुस्तक कधी उघडले नसेल, पण बरोबर तीच होती.

फरक ओळखणे सोपे आहे. साळकाचे पान पाण्यावर पसरलेले असते आणि त्याला देठापर्यंत चीर असते. कमळाचे पान अखंड गोल. त्याचा देठ मधोमध असतो आणि पान बहुधा छत्रीसारखे पाण्याच्या वर उभे राहते. कमळाचे फळ भोके पडलेल्या झारीच्या तोंडासारखे, हवेत वाळणारे. साळकाचा देठ मात्र फुलणे संपले की फळाला पाण्याखाली ओढून नेतो. फळ तिथेच पिकते आणि सुटलेले बी काही काळ तरंगून मग गाळात बसते.

पूर्वी शास्त्रज्ञही दोघांना एकाच निम्फिएसी कुळात घालीत. आता जनुकांच्या अभ्यासावरून कमळाचे कुळ वेगळे मानतात. त्याचा जवळचा आप्त कोण, तर काश्मीरचा चिनार! साळकाचे कुळ सुमारे ७० जातींचे. फुलझाडांच्या वंशवृक्षावर अगदी आधी फुटलेल्या फांद्यांपैकी ते एक आहे. इतकी जुनी वंशावळ आपल्या गावच्या तळ्यात तरंगते आहे.

हे सांगायचे कारण म्हणजे मध्यंतरी एका तळ्याच्या सुशोभीकरणाचा प्रस्ताव माझ्या टेबलावर आला होता. 'झुडपे' काढणे, सगळा गाळ उपसणे, काठ सिमेंटने बांधणे आणि शेवटी कमळे लावणे! ती 'झुडपे' म्हणजे साळकं होती. त्यांचे कंद गाळातच असतात. उन्हाळ्यात तळे आटले तरी ते तग धरतात आणि पावसात पुन्हा पाने वर पाठवतात. गाळच नेला तर उगवणार काय? आणि त्या पानांवरून चालणारा कमळपक्षी जाणार कुठे?

गाळ काढूच नये, असे मी म्हणत नाही. पण सगळा एकदम काढू नये. एक भाग या वर्षी, दुसरा पुढच्या. त्याआधी साळकं काढणाऱ्या बायकांना विचारावे. तळे त्यांच्याइतके कुणाला ठाऊक नसते. समासात मी पेन्सिलीने लिहिले, 'ही साळके आहेत.' कारकुनाच्या हातात तेवढेच.

तुमच्या गावच्या तळ्यावर एकदा जाऊन या. पानाला चीर दिसली, तर त्याला त्याच्या नावाने हाक मारा.