माहेरचा विजय

कन्नड वर्तमानपत्राचं क्रीडापान वाचताना एका शब्दापाशी मी नेहमी थांबतो. आपण मराठीत लिहितो, 'घरच्या मैदानावर विजय'. कन्नडमध्ये छापून येतं, 'तवरिनल्लि गेलुवु'. तवरु म्हणजे काय, हे या पानाच्या वाचकांना सांगायला नको. तवरुमने म्हणजे माहेर. आपल्या मैदानावर जिंकणारा संघ कन्नडमध्ये माहेरी जिंकतो! भाषा हा काही माझा विषय नाही, मी कॉलेजात इतिहास शिकवतो. पण या एका शब्दासाठी मी कन्नड वार्ताहरांना शंभरपैकी शंभर गुण देईन. घरी माणूस रोजच असतो, तिथं कोण कौतुक करतं? कौतुक होतं ते माहेरी. हजारो लोक गळा फोडून ओरडतात, एक साधा पास नीट गेला तरी टाळ्या पडतात. हे लाड माहेरचेच.

आमच्या घरापुरतं बोलायचं तर फुटबॉलचं माहेर म्हणजे फातोर्डा. आमची आई सांग्याकडची. जोयडा तालुका कर्नाटकात, जिल्ह्याचं ठाणं कारवार, राजधानी बेंगळूर. पण बेंगळूर म्हणजे रात्रभराचा प्रवास, आणि अनमोड घाट उतरला की मोले, पुढे मडगाव. लग्नाचा बस्ता असो की मोठा दवाखाना, निम्मा तालुका घाटाखाली उतरतो. हे आजचं नाही. 1880च्या दशकात मुरगावहून घाट चढून रेल्वे आली ती आमच्याच तालुक्यातल्या कॅसलरॉकला. 1961 पर्यंत ते सरहद्दीचं स्टेशन होतं. तिथं सामानाची झडती व्हायची, जकात भरायची. म्हणजे आईच्या आईला लेकीकडे यायचं तर परदेशातून आल्यासारखं यावं लागलं असतं. सुदैवाने आईचं लग्न त्यानंतरचं.

गोव्यात फुटबॉल आला 1883 मध्ये, शिवोलीला, फादर विल्यम लायन्स नावाच्या इंग्रजी धर्मगुरूंबरोबर, असं सांगतात. राज्य पोर्तुगीजांचं आणि खेळ आणला इंग्रजी बोलणाऱ्याने, हीही एक गंमतच. पुढे खाणींच्या पैशावर साळगावकर, धेंपो असे संघ उभे राहिले. माझे मामा साळगावकरचे, त्यांचे शेजारी धेंपोचे. त्या दोन संघांचा सामना असला की दोघं दोन दिवस एकमेकांशी जेवढ्यास तेवढं बोलायचे. सुट्टीत आम्ही पोरं गेलो की मामा आधी विचारायचे, "कोणाचो रे तू?" साळगावकर म्हटलं की खिशात चणे.

त्या काळच्या गोव्याच्या दबदब्याचा एकच पुरावा देतो. 2006-07 पासून 2012-13 पर्यंत सलग सात मोसम देशाच्या साखळी स्पर्धेचं विजेतेपद गोव्याबाहेर गेलं नाही. चार वेळा धेंपो, दोनदा चर्चिल ब्रदर्स, एकदा साळगावकर. एवढ्याशा राज्याचं हे यश कोलकात्यालाही खुपत असे.

आणि ही साखळी तोडली कोणी? बेंगळूरने. 2013 मध्ये जन्मलेल्या बेंगळूर एफसीने पहिल्याच मोसमात आय-लीग जिंकली. तीही कुठे जिंकली, तर 21 एप्रिल 2014 रोजी फातोर्ड्याला येऊन, धेंपोला 4-2 असं हरवून. आमच्या माहेरी येऊन चषक घेऊन गेले. शेजाऱ्याशी वैर सुरू व्हायला आणखी काय लागतं? त्या संघाचा कर्णधार सुनील छेत्री. हा माणूस 2009-10 मध्ये धेंपोकडून खेळून विजेता झाला होता, 2013 मध्ये चर्चिलकडूनही. फातोर्ड्याचं गवत त्याला पायाखालचं होतं. मामा म्हणाले, "आमगेलोच भुरगो, आमकांच मारता."

2014 मध्ये इंडियन सुपर लीग आली, एफसी गोवा संघ आला. 2016 मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग आय-लीगमधून बाहेर पडले. मामा आणि त्यांचे शेजारी एका रंगाच्या सदऱ्यात शेजारी शेजारी बसू लागले. मला विचाराल तर त्यात काहीतरी हरवलंही. गावातल्या गावातल्या भांडणाची चव राज्या-राज्यातल्या भांडणाला येत नाही. पण 2017 मध्ये बेंगळूरही त्याच स्पर्धेत दाखल झालं आणि आमच्यासारख्या, आई गोव्याची आणि रेशनकार्ड कर्नाटकचं असलेल्या माणसांसाठी नवं भांडण तयार झालं.

30 नोव्हेंबर 2017, गुरुवार. दोघांचा या स्पर्धेतला पहिलाच सामना, फातोर्ड्याला. मी, मामा आणि माझा बारा वर्षांचा मुलगा असे तिघं गेलो होतो. मैदानात पाऊल ठेवताच मुलगा गप्प झाला. एवढी माणसं त्याने उळवीच्या जत्रेतच पाहिलेली. गोव्याच्या फेरान कोरोमिनासने, म्हणजे सगळ्यांच्या कोरोने, पहिला गोल केला. बेंगळूरच्या मिकूने तो लगेच फेडला. कोरोने पुन्हा केला. मग बेंगळूरचा गोलरक्षक गुरप्रीतसिंग लाल कार्ड मिळून बाहेर गेला आणि पेनल्टीवर लान्झारोतेने तिसरा. मध्यंतराला 3-1, समोर दहाच माणसं. लोक भजी खात हिशेब करत होते, आता चार की पाच?

पण उत्तरार्धात त्या दहा जणांनी थोड्याच अंतराने दोन गोल केले. 3-3. फुटबॉल बघणाऱ्यांना ती शांतता माहीत असेल. भरलेल्या मैदानावर अचानक कोणीतरी पंखा बंद केल्यासारखं होतं. मामांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. आणि त्यांना ती पुन्हा घालायलाही वेळ मिळाला नाही, कोरोचा तिसरा गोल झाला. 4-3. टोपी कुठे गेली ती शेवटपर्यंत सापडली नाही. पुढे कोणी ओळखीचं, कोणी अनोळखी, सगळे एकमेकांच्या गळ्यात. एका थोराड पदेरने माझ्या मुलाला उचलून खांद्यावर घेतलं आणि पोरगं त्याच्या डोक्यावर ताल धरत "फोर्सा गोवा" ओरडत होतं. मी सव्वीस वर्षं नोकरी करणाऱ्या बापाची शिस्त पाळणारा माणूस, पण त्या रात्री मीही काय ओरडलो ते इथं छापता येणार नाही. घाट चढताना मुलगा मागच्या सीटवर झोपेतसुद्धा पाय हलवत होता.

मधल्या वर्षांचं थोडक्यात सांगतो. 17 मार्च 2019 रोजी मुंबईत अंतिम सामना झाला, गोवा विरुद्ध बेंगळूर. जादा वेळेत, 117व्या मिनिटाला, राहुल भेकेने कॉर्नरवर डोकं लावलं आणि बेंगळूर 1-0 ने जिंकलं. भेके मुंबईचा! मराठी पोराने गोव्याला हरवून चषक कर्नाटकात नेला. यावर आनंद मानावा की दुःख, हे सीमाभागातल्या माणसाने ठरवायचं म्हणजे पंचाईतच. पुढे करोनात दोन मोसमांचे सामने गोव्यातच झाले, पण रिकाम्या मैदानांवर. जर्मनीत तेव्हा प्रेक्षकांविना सामने सुरू झाले तर यजमान संघांचे विजय घटले, असं दिसून आलं. माहेर म्हणजे भिंती नव्हेत, हे त्यांनाही कळलं.

दरम्यान मुलगा इंजिनिअरिंगला बेंगळूरला गेला. पहिल्या वर्षी मित्रांबरोबर कंठीरव स्टेडियमला गेला. दुसऱ्या वर्षी दिवाळीला घरी आला तो निळा सदरा घालून. त्याच्या आजीने विचारलं, "हें कितें रे?" तो म्हणाला, "आजी, नम्म टीम." त्या 'नम्म'वर मी काही बोललो नाही. बायको हळ्याळची, ती हसली. तिला माहेर बदलण्याचा अनुभव आहे.

2 नोव्हेंबर 2024, पाडवा. फातोर्ड्याला सामना, आमच्याकडे टीव्हीसमोर केशरी आणि निळा अशी मांडणी. त्या मोसमात बेंगळूर तोवर हरलंच नव्हतं. मध्यंतरापर्यंत गोल नाही. मग सादिकूचा एक, आमच्या ब्रिसन फर्नांडिसचा दुसरा, शेवटी द्राझिचचा तिसरा. 3-0. आजीने ओवाळणीच्या ताटातला पेढा आधी टीव्हीला दाखवला, मग मला दिला. मुलगा म्हणाला, "एप्रिलमध्ये बघू."

एप्रिल खरोखरच आला. उपांत्य फेरीचा पहिला सामना 2 एप्रिल 2025 ला बेंगळूरला, तिथं आमची 2-0 अशी धुलाई. दुसरा 6 एप्रिलला, रामनवमीच्या दिवशी, फातोर्ड्याला. मुलगा बेंगळूरला, मी जोयड्याला, मध्ये फोन. उत्तरार्धाच्या सुरुवातीला बोर्हा हेरेराचा गोल. आशा लागली. मग घड्याळ पळत राहिलं आणि 88व्या मिनिटाला सादिकूने दुसरा ठोकला. दोन्ही सामने मिळून 2-2! त्या चार मिनिटांचा आनंद मी आयुष्यात विसरणार नाही. आई देवघरातून बाहेर आली, तिला वाटलं आम्ही जिंकलो. मी तिला हात धरून गोल फिरवलं. वय पंचाहत्तर, पण फिरली. फोन केला तर मुलगा उचलेना.

जादा मिनिटांत छेत्रीने हेडर मारला. वय चाळीस. धेंपोचा, चर्चिलचा, फातोर्ड्याचं गवत पायाखालचं असलेला तोच छेत्री. सामना आम्ही 2-1 ने जिंकला, अंतिम फेरीत ते गेले.

पाच मिनिटांनी फोन वाजला. मुलगा म्हणाला, "पप्पा, गेद्दिद्दु नीवु, फायनलगे होगोदु नावु." मी म्हटलं, "माहेरी जिंकलो ना, तेवढं पुरे." तो म्हणाला, "तुम्ही चार मिनिटं किती नाचलात ते आईने मला सांगितलंय." मग मेसच्या जेवणाचं, परीक्षेचं बोललो. सुट्टीत येणार का, विचारलं. इंटर्नशिप आहे म्हणाला, बहुतेक नाही जमणार.

12 एप्रिलला कोलकात्यात मोहन बागानविरुद्ध अंतिम सामना होता. आमच्या घरी त्या दिवशी सगळे बेंगळूरच्या बाजूने बसले, मीसुद्धा. फोन चालूच होता. जादा वेळेत बेंगळूर 2-1 ने हरलं आणि पलीकडे बराच वेळ कोणी बोललं नाही. मीही फोन ठेवला नाही. मे महिन्यात गोव्याने जमशेदपूरला 3-0 ने हरवून सुपर कप जिंकला, तेव्हा पहिला फोन मामांचा आला. दुसरा बेंगळूरहून, "अभिनंदने, अज्जीगे हेळि."