कोलायटिस आणि फिरणे
जुनाट कोलायटिस असला की घरचे सांगतात, 'पडून राहा.' मला हे पटत नाही. स्टेरॉइडच्या गोळ्या फार काळ घेतल्यास हाडे ठिसूळ होतात. चालण्याने त्यांना बळ मिळते.

मात्र खलिफा सिटीच्या उन्हाळ्यात वेळ सांभाळावी. १५ जून ते १५ सप्टेंबर, दुपारी १२.३० ते ३ येथे मजुरांनाही उन्हात काम करण्यास बंदी असते. जुलाबांनी आधीच पाणी व क्षार गमावलेल्याने तर दुपार टाळावीच. पहाटे चालावे, हवा दमट असल्यास मॉल बरा. सोबत मीठ-साखरेचे पाणी ठेवावे: १ लिटर पाण्यात ६ सपाट छोटे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ.

रक्त पडत असेल वा ताप असेल, तर धावणे, कपालभाती बंद, आधी डॉक्टर. बरे वाटल्यावर १० मिनिटांपासून पुन्हा सुरुवात करावी. घरच्यांनी अडवू नये.