हक्क संपले, जबाबदारी कोणाची?

पाब्लो कासाल्स या स्पेनमधील थोर चेलोवादकाने १९३६ मध्ये पियानोवादक होर्शोव्स्की यांच्या सोबतीने ब्राम्स या जर्मन रचनाकाराची चेलो व पियानोसाठी लिहिलेली दुसरी सोनाटा ध्वनिमुद्रित केली. चेलो हे व्हायोलिनच्या जातीचे, परंतु आकाराने मोठे आणि खर्जात बोलणारे वाद्य. दोनच वाद्यांची ही रचना, मोजक्या श्रोत्यांनी एका दालनात बसून ऐकावी अशी. तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम चार-साडेचार मिनिटे मावत असल्याने तिचे तुकडे करावे लागले होते. आज ते तुकडे जोडून, खरखर कमी करून, ती सलग ऐकता येते. महाडच्या शिक्षकालाही ती घरबसल्या ऐकता येते. मराठी मुलखातील त्याच काळच्या गाण्याची अवस्था काय आहे, हा प्रश्न यातूनच उभा राहतो.

संगीताच्या तज्ज्ञतेचा दावा प्रस्तुत लेखकाचा नाही. तथापि या प्रश्नाला अर्थशास्त्राचीही एक बाजू आहे. जुने ध्वनिमुद्रण हे एकदा शुद्ध करून खुले केले की एकाच्या ऐकण्याने दुसऱ्याच्या वाट्याचे कमी होत नाही. पहिल्या प्रतीला खर्च येतो. पुढच्या हजारो प्रती जवळजवळ फुकट पडतात. अशा वस्तू बाजारपेठ आपणहून पुरेशा प्रमाणात निर्माण करीत नाही, हे अर्थशास्त्राचा प्रत्येक विद्यार्थी शिकतो. नाव मोठे तेथे कंपनी पैसे घालते. बाकीचे गायक कपाटातच राहतात.

युरोपात ही कोंडी काही अंशी कायद्याने फोडली. तेथे ध्वनिमुद्रणावरील हक्काची मुदत दीर्घकाळ ५० वर्षांची होती. ती २०११ च्या निर्णयानुसार ७० वर्षांवर गेली. दरम्यानच्या काळात मुदत संपलेल्या तबकड्या छोट्या प्रकाशकांनी हाती घेतल्या, आणि संग्राहकांनी जपलेल्या सुस्थितीतील प्रती त्यांच्या उपयोगी पडल्या. आपल्याकडेही १९५७ च्या कायद्यातील ५० वर्षांची मुदत १९९२ च्या दुरुस्तीने ६० वर्षांची झाली. म्हणजे १९६४ अखेरपर्यंत प्रसिद्ध झालेल्या तबकड्यांवर कंपनीचा ध्वनिमुद्रणाचा हक्क आज उरलेला नाही. शब्द आणि चाल यांचे हक्क वेगळे मोजावे लागतात, हे खरे. परंतु देवल, गडकरी, खाडिलकर यांच्या पदांपुरती ती मुदतही केव्हाच सरली आहे. बालगंधर्वांच्या बहुतेक तबकड्या या अर्थाने समाजाच्या मालकीच्या झाल्या आहेत.

पण मालकी समाजाची झाली म्हणजे जपणूक कोणाचीच नाही, असा आपल्याकडचा अनुभव आहे. कायद्याने दार उघडले. आत ठेवायला सुस्थितीतील तबकडी हवी, ती मात्र एखाद्या घराच्या माळ्यावर पडलेली असते. कोकणची दमट हवा आणि पावसाळे तिला पोषक नाहीत. २००५ आणि जुलै २०२१ च्या महापुरांत सावित्रीचे पाणी महाडच्या घरांत शिरले तेव्हा कागदपत्रांबरोबर असले संग्रहही भिजले. लाखेची तबकडी एकवेळ पुसून घेता येते. वरचे लेबल गळून पडले की गायक कोण, साथीला कोण, हे सांगणारे काही उरत नाही. मुंबईच्या चाकरमान्यांनी गावी आणलेल्या आणि पोलादपूरच्या वाड्यावस्त्यांत भरलेल्या भजनांच्या ध्वनिफिती तर याहून नाजूक. त्यांची दुसरी प्रतच नसते.

शुद्धीकरण म्हणजे केवळ यंत्राची कळ दाबणे, असाही एक गैरसमज आहे. जुन्या तबकड्या सर्वच नेमक्या ७८ फेऱ्यांच्या नसत. ७४ फेऱ्यांनी मुद्रित झालेली तबकडी ७८ ने फिरवली तर पांढरी एकमधील गाणे काळी एकच्या आसपास चढते, आणि गायकाचा आवाजही खोटा ठरतो. खरखर फार पुसली तर तिच्याबरोबर स्वराची धारही जाते. म्हणून मूळ उतरवलेली प्रत न बदलता ठेवावी आणि शुद्ध केलेली वेगळी करावी, हा नियम पाळला पाहिजे. त्यासाठी सुरांचा कान असलेली माणसे हवीत, आणि त्या माणसांना वेतनही हवे.

पूर आणि दरडी सोसणाऱ्या तालुक्यांत गाण्यावर खर्च ही चैन नव्हे काय, असा आक्षेप येईल. तो गैरलागू नाही. घरे आणि बंधारे आधी, यात शंका नाही. मात्र येथे मागणी आहे ती मोठ्या निधीची नव्हे. १९६७ च्या ग्रंथालय कायद्यान्वये सार्वजनिक वाचनालयांना अनुदान मिळते. ध्वनिमुद्रणांची नोंद आणि जपणूक हे त्या अनुदानाचे रीतसर कलम व्हावे. जिल्ह्याला एक उतरवणी केंद्र पुरेल. महाड-पोलादपूरच्या महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांनी गावोगावच्या तबकड्यांची व फितींची यादी करावी आणि लेबलांची छायाचित्रे घ्यावीत. या कामाला जवळजवळ खर्च नाही. मुंबईत १९९० मध्ये स्थापन झालेल्या तबकडी-संग्राहकांच्या संस्थेने हौसेच्या बळावर किती काम होऊ शकते हे दाखवले आहे. परंतु हौस ही माणसाबरोबर संपते. व्यवस्था मागे उरते.

केसरबाई केरकरांची भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेली. 'स्वयंवर'ला चाली देणारे भास्करबुवा बखले मात्र १९२२ मध्ये गेले, आणि त्यांच्या गायनाचे एकही मुद्रण मागे राहिले नाही. त्यांचा आवाज आता कोणताही तज्ज्ञ परत आणू शकत नाही. जे मुद्रित होऊन आपल्या माळ्यांवर पडले आहे, त्याच्या बाबतीत अशी सबब सांगण्याची सोय आपल्याला नाही. पुढचा पावसाळा येण्यापूर्वी निदान यादी तरी तयार व्हावी, एवढी अपेक्षा बाळगणे गैर ठरू नये.