जुन्या गिअरबॉक्सला हात लावाच

“चालतंय ना साहेब? मग हात लावू नका.” तेरा वर्षं जुन्या, 1 लाख 62 हजार किलोमीटर धावलेल्या माझ्या ऑटोमॅटिक गाडीसाठी हा सल्ला मला तीन गॅरेजांत मिळाला. इंजिन ऑइल दरवर्षी न चुकता बदलणारी माणसंही गिअरबॉक्सच्या तेलाचा विषय निघाला की मागे सरतात. जुनं तेल काढलं की गिअरबॉक्स बसतो, हे इतक्या जणांकडून ऐकायला मिळतं की ते सिद्धच झालंय असं वाटू लागतं. ते खरं नाही, आणि या एका समजुतीपायी धडधाकट गाड्या भंगारात जाताना पाहून मला चीड येते.

मी बोलतोय ते टॉर्क कन्व्हर्टरच्या गिअरबॉक्सबद्दल. आपल्याकडे एएमटी, सीव्हीटी, डीसीटी सगळ्यांनाच सरसकट ‘ऑटोमॅटिक’ म्हणतात, पण त्यांची तेलं वेगळी आणि एकाचं दुसऱ्याला चालत नाही.

पूर्वपक्ष असा. वर्षानुवर्षं क्लच प्लेटा झिजतात, त्यांचा भुगा तेलात मिसळतो आणि त्या भुग्याच्या जोरावरच झिजलेल्या प्लेटा एकमेकींना धरून असतात. नवं स्वच्छ तेल आलं की ती पकड जाते आणि गाडी स्लिप मारू लागते. पुराव्याला कुणीतरी ओळखीचा असतोच, ज्याने तेल बदललं आणि आठवड्यात बॉक्स उतरवावा लागला.

तो ओळखीचा खरा असतो. पण त्याने तेल बदललं कधी, हे विचारा. सकाळी ‘डी’ला टाकल्यावर गाडी दोन सेकंद थांबून झटक्याने निघू लागली, चढावर इंजिन नुसतंच ओरडायला लागलं आणि वेग मिळेना, तेव्हा. म्हणजे प्लेटा आधीच संपल्या होत्या. शेवटच्या घटकेला तोंडात गंगाजल घातलं म्हणून माणूस गेला, असं आपण म्हणत नाही. आणि एखादा गिअरबॉक्स खरोखरच भुग्याच्या आधाराने चालत असेल, तर तोच भुगा व्हॉल्व्ह बॉडीच्या बारीक फटींत आणि सोलेनॉइडच्या जाळीत जाऊन बसतोय. असा बॉक्स तेल न बदलताही जायचाच असतो.

पकड कुठून यायला हवी? तेलातल्या रसायनांतून. हे तेल वंगण तर आहेच, पण क्लच दाबतं तेही तेच, इंजिनाची ताकद टॉर्क कन्व्हर्टरमधून पुढे नेतं तेही तेच, आणि उष्णता वाहून नेणारंही तेच. प्लेटा किती घसराव्यात आणि कुठे घट्ट धराव्यात, हे त्यातल्या घर्षण सांभाळणाऱ्या घटकांवर ठरतं. एके काळी या कामासाठी त्यात स्पर्म व्हेलचं तेल घालत. 1970च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत त्यावर बंदी आली आणि पर्याय शोधावे लागले. हे घटक उष्णतेने झिजतात. ढोबळ हिशेब असा की तापमान 10 अंशांनी वाढलं की तेल खराब होण्याचा वेग जवळपास दुप्पट होतो. मे महिन्याच्या दुपारी खंबाटकीच्या चढाला ट्रकमागे अडकलेल्या गाडीत काय होत असेल, ते यावरून समजा.

दुसरा आक्षेप ‘लाइफटाइम फिल’चा: कंपनीनेच आयुष्यभराचं तेल भरलंय. अनेक महागड्या गाड्यांचे गिअरबॉक्स बनवणारी जर्मनीची झेडएफ स्वतः सांगते की तेल 80 हजार ते 1 लाख 20 हजार किलोमीटरच्या दरम्यान, किंवा फार तर 8 वर्षांनी बदला. बॉक्स बनवणाऱ्याचंच म्हणणं हे असेल, तर वाद उरत नाही.

एका बाबतीत मात्र विरोधकांची भीती रास्त आहे. मशीन लावून दाबाने फ्लश मारणं जुन्या गाडीला नको. वर्षानुवर्षं तळाशी बसलेली घाण त्यामुळे हलते आणि नको तिथे अडकते. त्याऐवजी ड्रेन बोल्ट उघडायचा, आपोआप निघेल तेवढंच तेल काढायचं आणि मोजून तेवढंच भरायचं. बरंचसं तेल टॉर्क कन्व्हर्टरमध्ये राहून जातं, आणि इथे तेच बरं. एकूण 8 लिटर असेल आणि 3.2 लिटर निघालं, तर पहिल्या खेपेला 40 टक्के तेल नवं होतं, दुसऱ्या खेपेनंतर 64, तिसऱ्यानंतर 78. मी दोन खेपांमध्ये दीड हजार किलोमीटर जाऊ दिले. तेल कंपनीने सांगितलेल्याच दर्जाचं हवं. टोयोटाच्या एका गाडीला टी-फोर लागतं, दुसरीला डब्ल्यूएस, आणि दोन्ही दिसतात लालच. ‘सगळ्यांना चालतं’ म्हणून पिंपातलं तेल ओतणाऱ्याकडे गाडी देऊ नका.

माझं चेंबर उघडलं तेव्हा तळाच्या चुंबकांवर काजळासारखी करडी मळी होती. बोटावर चोळली तर मऊ लागली. ही नेहमीची झीज. चमकणारा कीस किंवा पितळी कण दिसले असते, तर मी तेल भरायच्या आधी थांबलो असतो. गाडी आधीच स्लिप होत असेल, तेलाला करपलेला वास येत असेल, तर तेल बदलून ती बरी होणार नाही, आणि तसं आश्वासन कुणी देऊ नये.

लेव्हलला सगळ्यात जास्त वेळ द्या. बऱ्याच गिअरबॉक्सना डिपस्टिक नसते. गाडी लिफ्टवर सपाट, इंजिन चालू, तेल ठरलेल्या तापमानाला, आणि लेव्हलच्या बोल्टमधून धार थांबून थेंब पडू लागले की बोल्ट बसवायचा. माझ्या पहिल्या खेपेला एका गॅरेजात हे अंदाजाने केलं होतं. अर्धा लिटर कमी निघालं, आणि त्या आठवड्यात वळणावर गाडीने दोनदा गिअर सोडला. तेव्हा तेल बदललं म्हणून असं झालं, असं मीही म्हणू शकलो असतो. लेव्हल भरली आणि ते थांबलं.

तिसऱ्या खेपेला निघालेल्या तेलाचा थेंब दुसऱ्या गॅरेजातल्या मिस्त्रीने पांढऱ्या टिश्यूवर टाकला. पहिल्या वेळचा डाग चहाच्या चोथ्यासारखा होता. हा लालसर होता आणि कडेपर्यंत सारखा पसरला.