कॅप्टन बदलला म्हणून बोट हलकी होत नाही

19 ऑगस्ट 2025 रोजी व्होडाफोन आयडियाला नवा सीईओ मिळाला, अभिजित किशोर. बातमी वाचून पपा म्हणाले, "बाय, नवा माणूस आलाय. शेअर दहा रुपयांच्या आत आहे. थोडे घेऊन ठेवूया का?" पपा बोटीवरून निवृत्त झालेत. साठवलेला पैसा आहे तो एवढाच, त्यामुळे प्रश्न गमतीचा नव्हता.

मी साहित्याची विद्यार्थिनी. आम्हाला नायक लागतो, आणि धंद्याच्या बातम्यासुद्धा तशाच लिहिलेल्या असतात: जुना राजा गेला, नवा आला, आता राज्याचं भलं होणार. पण या कंपनीची गोष्ट नीट वाचली तर नायक वेगळाच निघतो.

आपला तिच्याशी जुना संबंध आहे. बिर्लांनी 1995 मध्ये मोबाईलच्या धंद्यात पाऊल टाकलं तेव्हा त्यांच्याकडे जी सर्कल्स होती त्यांत महाराष्ट्र आणि गोवा हे एक. पुढे बिर्ला, टाटा आणि एटी अँड टी एकत्र आले तेव्हा लोकांनी त्या कंपनीला 'बटाटा' म्हणायला सुरुवात केली! 2002 मध्ये आयडिया हा ब्रँड आला. पपांचं सिम अजून त्याच काळातलं आहे.

2018 मध्ये आयडिया आणि व्होडाफोन एकत्र झाल्या. ग्राहक होते 40 कोटींच्या वर. तेव्हापासून सात वर्षांत सीईओ झाले चार: बालेश शर्मा, रविंदर टक्कर, अक्षय मूंदडा आणि आता किशोर. याच काळात ग्राहक 20 कोटींच्या खाली आले. म्हणजे या माणसांनी कंपनी बुडवली? मला तसं वाटत नाही. जिओमुळे दर आधीच कोसळले होते. त्यात ऑक्टोबर 2019 मध्ये एजीआरबद्दल, म्हणजे कोणत्या उत्पन्नावर सरकारला शुल्क द्यायचं याबद्दल, सुप्रीम कोर्टाचा निकाल आला. त्या आर्थिक वर्षाचा तोटा 73 हजार कोटींच्या वर गेला. त्या खुर्चीवर कुणीही बसला असता तरी देणं तेवढंच राहिलं असतं.

मग नेतृत्व बदलाला काहीच अर्थ नाही का? आहे. पण कोण बदललं ते बघायला हवं. ऑगस्ट 2021 मध्ये कुमार मंगलम बिर्लांनी अध्यक्षपद सोडलं तेव्हा शेअर धाडकन पडला. त्याआधी त्यांनी सरकारला पत्र लिहून आपला हिस्सा सोडायची तयारी दाखवली होती. इथे पगारी अधिकारी जात नव्हता, पैसे घालणारा मागे सरकत होता. पुढच्याच महिन्यात सरकारने थकबाकीला चार वर्षांची सवलत दिली आणि भाव सावरला. अध्यक्ष तेव्हा हिमांशू कपानिया होते, पण भाव वर नेला तो दिल्लीच्या निर्णयाने.

2023 मध्ये बिर्ला संचालक म्हणून परत आले. 2024 मध्ये त्यांच्या गटाने 2,075 कोटी घातले, कंपनीने 18,000 कोटींचा एफपीओ आणला. मला यातले 2,075 कोटी जास्त बोलके वाटतात, कारण मालकाने स्वतःच्या खिशात हात घातला. तरीही 11 रुपयांना विकलेला एफपीओचा शेअर वर्षभरात त्याखाली गेला. थकबाकीच्या बदल्यात शेअर घेत घेत 2025 मध्ये सरकारचा हिस्सा 48.99 टक्के झाला. आता सांगा, नायक कोण?

दुसऱ्या बाजूला एअरटेल बघा. गोपाल विट्टल 2013 पासून प्रमुख होते. त्यांच्या जागी शाश्वत शर्मा येणार हे ऑक्टोबर 2024 मध्येच जाहीर झालं, पदभार जानेवारी 2026 पासून. गुंतवणूकदाराला वर्षभर आधी कळलं, घाबरायला जागाच राहिली नाही. पण एवढी शांतपणे चावी हातात देणं त्याच कंपनीला जमतं जिच्या दाराशी सावकार उभा नाही. म्हणून मी म्हणते, सीईओ पटापट बदलणं हे बहुतेक वेळा दुखण्याचं लक्षण असतं, कारण नव्हे.

हे सगळं मी पपांना सांगितलं. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "बोटीवर कॅप्टन बदलला की आम्ही घाबरत नव्हतो. मालक डिझेलचे पैसे देईनासा झाला की घाबरायचो."

मी दोन पानं खर्च केली ते त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं. आपल्या वर्गात कितीतरी जणांच्या मोबाईलवर शेअरचं अ‍ॅप आहे. पुढच्या वेळी 'नवा सीईओ' अशी बातमी आली तर फोटो बघून बटण दाबू नका. तीन गोष्टी विचारा: देणं किती, ते कधी फेडायचं, आणि मालक स्वतः पैसे घालतोय का.

पपांनी अजून शेअर घेतलेले नाहीत. भाव मात्र रोज बघतात, त्याच जुन्या सिमवर.