प्रदर्शनाची वांगी

पावसाचा जोर ओसरला की आमच्या गॅलरीत डबे सरकवण्याचा आवाज सुरू होतो. पंधरा किलोचे तेलाचे डबे, रंगाच्या रिकाम्या बादल्या, मासळी बाजारातून मागून आणलेले थर्माकोलचे दोन खोके, अशी यंदाची मालमत्ता एकूण अकरा नग आहे. मागे कोथिंबीर-पुदिन्याविषयी लिहिले तेव्हा काही भगिनींनी विचारले होते, ‘घरी खाण्यापुरते ठीक आहे हो, पण प्रदर्शनात मांडण्याजोगी भाजी चाळीत होते का?’ होते. पण त्यासाठी जे करावे लागते ते सगळेच सांगतो. त्यात माझी एक फजितीही आहे.

मुंबईत भायखळ्याला राणीच्या बागेत, म्हणजे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानात, महापालिकेचे उद्यान खाते फुले, फळे व भाज्यांचे प्रदर्शन भरवते. ते बहुधा जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीत असते. पुण्याला एम्प्रेस गार्डनमध्ये प्रजासत्ताक दिनाच्या आसपास मोठे पुष्पप्रदर्शन भरते. याखेरीज उपनगरांतून, वसाहतींतून, शाळांतून लहानसहान प्रदर्शने होत असतात. पाहायला सगळेच जातात. मांडायला मात्र आपली माणसे कचरतात. ते बंगलेवाल्यांचे काम, असे आपण मनाशी धरून बसलेले असतो. मीही बसलो होतो.

परीक्षक काय पाहतात, हे आधी समजून घ्यावे. सर्वांत मोठे वांगे आणले की बक्षीस मिळाले, असे नसते. महाकाय भाजीची स्पर्धा वेगळी असते. ताटात पाच नग मांडायचे असतील तर पाचही एका आकाराचे, एका रंगाचे, एका वयाचे हवेत. डाग नको, किडीचे छिद्र नको, देठ ताजा हवा. चार मोठी आणि एक लहान यापेक्षा पाच मध्यम वांगी वरचढ ठरतात. हे कळले तेव्हा मला फार बरे वाटले, कारण डब्यातल्या झाडाला मोठे फळ धरणे कठीण असले तरी सारखी फळे धरणे हाताबाहेरचे नाही. ते हिशेबाचे काम आहे, आणि बी.कॉम. झालेल्या कारकुनाला दुसरे काय येते?

हिशेब उलटा करायचा. समजा, प्रदर्शन फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात आहे. मेथीला पेरणीपासून पंचवीस ते तीस दिवस लागतात, म्हणजे ती जानेवारीच्या सुरुवातीला पेरावी. मुळ्याला चाळीस-पंचेचाळीस दिवस, म्हणजे डिसेंबरचा तिसरा आठवडा. मुळा पाच-पाच दिवसांच्या अंतराने तीन खेपांत पेरावा. एखादी खेप तरी नेमकी वेळेवर येते. एक आठवडा जास्त राहिला तरी तो जून होतो आणि आतून पोकळ पडतो. टोमॅटोला फळ धरल्यापासून पिकेपर्यंत दीड महिना लागतो, तेव्हा डिसेंबरच्या मध्याला जी फुले येतील तीच तुमची प्रदर्शनाची फुले. वांग्याचे तसे नाही. वांगे कोवळे तोडायचे असते, फळ धरल्यापासून साधारण दोन ते तीन आठवड्यांत. म्हणून जानेवारीच्या मध्यावर जी फुले धरतील ती राखायची. मात्र झाड त्याआधी तयार हवे. रोप सप्टेंबरच्या अखेरीस टाकावे, चार-पाच आठवड्यांनी वीतभर झाले की डब्यात लावावे, एका डब्यात एकच. मी ‘मांजरी गोटा’ हे वाण लावले होते. जांभळट-गुलाबी, त्यावर पांढरे पट्टे, देठाला काटे. ताटात मांडले की डोळ्यांत भरते.

उन्हाची गोष्ट बऱ्याच जणांच्या ध्यानात येत नाही. थंडीत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. त्यामुळे ज्या गॅलरीचे तोंड दक्षिणेला आहे तिथे मे महिन्यात कठड्यापाशी थांबणारे ऊन डिसेंबरमध्ये थेट दारापर्यंत आत येते. फळभाजीला निदान पाच-सहा तास ऊन हवे. उत्तरेच्या गॅलरीत वांगी-टोमॅटोचा हट्ट धरू नये, तिथे पालक, मेथी, पुदिना लावावा.

डब्याच्या तळाला भोके पाडा, हे सांगायला नकोच. पण त्या भोकांतले पाणी खालच्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पडते. चाळीतली निम्मी भांडणे त्यातूनच होतात. खाली ताटली ठेवावी, आणि ठेवली की दर तीन-चार दिवसांनी ती ओतून घासावी. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साचलेल्या पाण्यात आठवडाभरात तयार होतो. पालिकेचा माणूस नोटीस घेऊन येतो तेव्हा त्याच्यावर चिडू नये. तांदूळ धुतलेले पाणी झाडांना चालते, साबणाचे चालत नाही.

आमच्या शेजारी एक आक्का राहतात. सत्तरी उलटली आहे. त्यांच्या दारावर दर पावसाळ्यात पडवळ चढतो. पडवळाचा स्वभाव वेटोळे घालण्याचा. आक्का कोवळ्या फळाच्या टोकाला दोऱ्याने लहानसा दगड बांधतात, त्याच्या भाराने पडवळ सुतासारखा सरळ लोंबतो. ‘आक्का, हा प्रदर्शनात द्या,’ मी एकदा म्हणालो. ‘लोकांनी नुसतं बघायचं? आणि खायचं कोणी?’ असे म्हणून त्यांनी तो त्याच दिवशी कापला आणि अर्धा आमच्याकडे पाठवला.

त्यांचेही बरोबर आहे. पण पिकवून दाखवण्याचा नाद श्रीमंतांचाच असतो, असे मात्र नाही. इंग्लंडच्या ईशान्येला डरहॅम आणि नॉर्दम्बरलंड या भागांत कोळशाच्या खाणी होत्या. दिवसभर जमिनीखालच्या काळोखात राबणारे ते खाणकामगार वर आले की आपल्या भाजीच्या तुकड्यावर जात. त्यांची लाडकी भाजी लीक, पातीच्या कांद्याची जाडजूड बहीण म्हणा. तिथे १९०८ च्या कायद्याने भाजीपाल्यासाठी लहान तुकडे भाड्याने देण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली. पूर्ण तुकडा दहा रॉडचा, म्हणजे सुमारे २५० चौरस मीटरचा. लीकच्या स्पर्धा कामगारांच्या क्लबांतून होत. पांढऱ्या दांड्याची लांबी आणि घेर मोजून त्याचे घनइंच काढायचे, अगदी कोष्टके छापून. कोणी द्वेषाने रोपे कापून जाऊ नये म्हणून स्पर्धेआधी माणसे रात्र-रात्र पहारा करीत. १९८४-८५ चा त्यांचा संप मोडला, पुढे खाणी एकेक करून बंद झाल्या. लीकची प्रदर्शने मात्र काही ठिकाणी अजून भरतात.

हे वाचले तेव्हा मला आमचे वडील आठवले. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला तेव्हा ते एका गिरणीत साच्यावर होते. मी फार लहान होतो. आई सांगते, संपाच्या पहिल्या पावसाळ्यात त्यांनी डालड्याच्या डब्यात मिरची लावली. विकत घेणे परवडेना म्हणून लावली, हे तर खरेच. पण सकाळी उठल्यावर जायला ठिकाण नसलेला माणूस त्या डब्यापाशी तास-तास बसे. आम्हाला २५० मीटर कोण देणार होते? आम्हाला चार फुटांची गॅलरी होती.

आता माझी फजिती. चार वर्षांपूर्वी जवळच्याच एका वसाहतीत प्रदर्शन होते, त्यात मुलांचा वेगळा गट होता. आमची धाकटी तेव्हा चौथीत. तिच्या नावाने पाच वांग्यांचा प्रवेश भरला. तिने झाडांची वही ठेवली होती. कुठल्या झाडाला कधी फूल आले, कुठले गळाले, सगळे तारीखवार. फूल धरावे म्हणून रोज सकाळी शाळेत जाण्याआधी फुलांच्या देठांना हळूच टिचकी मारायची. राखलेल्या फळांच्या देठांना तिने रंगीत दोरे बांधून एक ते पाच क्रमांक दिले होते. बाकीची फुले आम्ही खुडत गेलो, म्हणजे सगळा जोर पाच फळांना मिळेल. इथेच चुकले.

वांग्याचा मोठा शत्रू म्हणजे शेंडा आणि फळ पोखरणारी अळी. आधी कोवळा शेंडा मान टाकतो. तो दिसला की खालून कापून नष्ट करावा, केराच्या टोपलीत तसाच टाकू नये. पाच टक्के निंबोळी अर्क, म्हणजे लिटरला पन्नास ग्रॅम निंबोळीची पूड रात्रभर भिजवून गाळलेले पाणी, आठवड्याने संध्याकाळी फवारावे. मी दोनदा फवारले आणि तिसऱ्या आठवड्यात कार्यालयात वर्षअखेरीच्या कामाची घाई म्हणून टाळले. प्रदर्शनाच्या आदल्या रात्री, धाकटी झोपल्यावर, मी बॅटरी घेऊन फळे पाहिली. चौथ्या क्रमांकाला बुडाशी बारीक छिद्र होते आणि त्यातून भुसा बाहेर आलेला.

रात्रीचे साडेनऊ वाजले होते. बाजार उघडा होता. मी गेलो, भाजीवाल्याच्या ढिगातून निवडून निवडून त्याच मापाचे, त्याच पट्ट्याचे वांगे शोधले. एकच मागायची लाज वाटली म्हणून अर्धा किलो घेतली. घरी येऊन चौथ्या क्रमांकाचा दोरा सोडला आणि नव्या वांग्याला बांधला. किडके वांगे कापून भाजीच्या टोपलीत तळाशी घातले. दुसऱ्यांचे ताळेबंद तपासणारा माणूस मी. बिल नसलेल्या खर्चाला लाल शेरा मारतो. पण त्या रात्री मला त्यात काही विशेष वाटले नाही, हे कबूल केले पाहिजे. एवढी मेहनत पोरीची, एका अळीसाठी वाया का घालवायची, इतकाच विचार.

सकाळी धाकटीने कार्डावर आपल्या अक्षरात लिहिले, ‘मी स्वतः पिकवलेली वांगी’, आणि खाली पूर्ण नाव, शाळा, इयत्ता.

परीक्षक वयस्कर गृहस्थ होते, आयुष्य बागकामात गेलेले असावे. त्यांनी एकेक वांगे उचलले, उलटे केले, देठ पाहिला. चार देठ त्याच सकाळी कापलेले, हिरवे, काटे टोचतील असे. पाचव्याचा देठ कडेने तपकिरी पडून आत ओढला होता. त्यांनी ते वांगे ताटात जरासे बाजूला सरकवून ठेवले. एक अक्षर बोलले नाहीत. धाकटीकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले आणि पुढच्या ताटाकडे गेले.

‘पप्पा, चार नंबरच्या दोऱ्याची गाठ मी अशी मारली नव्हती,’ ती म्हणाली.

मी तिथेच तिला सांगितले. टाळता आले असते, परीक्षकही गप्प राहिले होते. ती रडली नाही. तिने ते वांगे उचलून माझ्या हातात दिले, कार्ड घेतले आणि ‘पाच’ खोडून ‘चार’ केले. नियमाप्रमाणे प्रवेश बाद झाला. परत येताना बसमध्ये ती माझ्याशेजारी बसली नाही, आईजवळ बसली. आक्कांना हकीकत कळली तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, ‘अर्धा किलो घेतलीत ना? द्या इकडे, भरीत करते.’

त्या वर्षीचा जमाखर्च धाकटीच्या वहीत आहे. माती, खत, बियाणे मिळून ४१० रुपये. वर्षभरात निघाली तेवीस वांगी, म्हणजे नगाला सुमारे अठरा रुपये. डबे आणि माती पुढे चालतात, तेव्हा तो भांडवली खर्च धरून दर वर्षी घसारा काढावा, असे मी तिला समजावले. त्या पानावर तिने एक ओळ वेगळी लिहिली आहे: ‘बाजारातली वांगी, अर्धा किलो, पप्पांच्या खात्यावर.’

तेव्हापासून आम्ही पाचासाठी आठ फळे राखतो, आणि तीही निदान तीन झाडांवर. एखादे किडले, एखादे वाकडे निघाले, एखादे आक्कांनी नेले तरी पाच उरतात. तोडणी प्रदर्शनाच्या दिवशी पहाटे करावी. इंचभर देठ ठेवून कात्रीने कापावे, ओढू नये. फळ पाण्याने धुऊ नये, पुसूही नये. त्याची नैसर्गिक चकाकी जाते. नेताना एकमेकांवर घासू नये म्हणून प्रत्येक फळ वेगळ्या कागदात गुंडाळावे. पाच भरेनात तर जिथे तीन नगांचा किंवा एका नगाचा प्रवेश असतो तिथे द्यावा, चौकशी आधीच करून ठेवावी.

धाकटी आता आठवीत आहे. गेल्या वर्षी तिच्या मेथीच्या जुडीला उत्तेजनार्थ मिळाले. यंदा ती वांग्यांवर परत आली आहे. तिला सहा डबे हवे आहेत, मी चार कबूल केले आहेत, वाटाघाटी चालू आहेत. वांग्याचे बी याच आठवड्यात आणा, रोप टाकायला सप्टेंबर संपायच्या आत सुरुवात झाली पाहिजे. मुळ्याचे तपशील पुढच्या खेपेस देईन.