ग्रंथ पूजिला, इशारा विसरलो

मत्स्यशास्त्राचा विषय निघाला, की फ्रान्सिस डे (१८२९–१८८९) या नावास नमस्कार करावयाचा आणि पुढे चालावयाचे, अशी आमची रीत आहे. मद्रासच्या वैद्यकीय सेवेतील या इंग्रज शल्यवैद्याने १८६५ साली मलबारच्या माशांवर ग्रंथ लिहिला. १८७५ ते १८७८ या काळात समग्र हिंदुस्थानातील माशांवरील त्याचा महाग्रंथ निघाला. त्याचे कौतुक यथायोग्यच आहे. परंतु त्याच्या १८७३ च्या अहवालाचे काय? बारीक आसाची जाळी आवरा, पिलांचा व विणीच्या माशांचा संहार थांबवा, असे त्याने सरकारास बजाविले होते. कायदा आला तो १८९७ साली. डे मरून आठ वर्षे लोटली होती. त्याने सुरुंग व विष निषिद्ध केले. जाळ्यांचा प्रश्न प्रांतांवर सोपविला.

कोणी म्हणेल, परकीय अधिकाऱ्याचा हा उपदेश आम्हांस कशाला? त्याने शृंगेरीस जावे. तेथे मठापाशी तुंगेच्या पात्रातील माशांस कोणी हात लावीत नाही. म्हणजे संयम आम्हांस परका नाही. तो घाटाच्या पायऱ्यांपाशी संपतो, हे लांच्छन आहे. मृगाच्या पहिल्या पुराबरोबर गाभोळीने भरलेले चढणीचे मासे ओहोळाओहोळांत पकडले जातात, आणि त्याचा उत्सव होतो! देवाच्या डोहातला मासा पूज्य आणि त्याच नदीच्या खालच्या डोहातला वध्य, हा कोणता न्याय? मासा संपला, तर प्रथम उपाशी राहील तो गरीब मच्छीमारच.

डेचे खरे स्मारक कपाटातील ग्रंथ नव्हे. विणीच्या दिवसांत कोरडे राहिलेले जाळे होय.